जुने सिमेंटचे पत्रे काढताना

जुने सिमेंटचे पत्रे काढायला माणूस लावणार असाल, तर मजुरी किती हे नंतर विचारा. आधी विचारा, पत्रे फोडून काढणार की हुक-बोल्ट कापून अख्खे उतरवणार? दारव्ह्याच्या आमच्या घरचं काम देताना मी हे विचारलं होतं. ठेकेदार म्हणाला, "अख्खेच काढतो जी मॅडम, मले ते विकाचेच असते." हे मुद्दाम सांगते, कारण नंतर त्याने गावभर केलं की मॅडम आधी काही बोलल्याच नाहीत, अर्ध्या कामात भांडण उकरून काढलं. मी बोलले होते. पाणी मारून काम करा, दोरीने उतरवा आणि सून नातवाला घेऊन माहेरी गेल्यावरच या, असंही सांगितलं होतं.

त्याचं दुसरीकडचं काम रद्द झालं, म्हणून तो ठरल्या दिवसाच्या आधीच माणसं घेऊन आला. मी स्वयंपाकघरात होते. भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस मागच्या खोलीत छातीभर उंच. तेवढ्यात वर घणाचे घाव सुरू झाले आणि पाठोपाठ कटर मशीनचा किंचाळणारा आवाज. मी धावले तर छताला भगदाड पडलेलं, त्यातून उन्हाची तिरीप थेट कापसावर उतरलेली आणि त्या तिरिपेत पिठासारखी बारीक धूळ तरंगत होती. खाली पडत नव्हती, नुसती तरंगत होती. माझा नातू खाली उभा राहून ती मुठीत पकडायचा खेळ खेळत होता. त्याच्या पापण्यांवर, ओठांवर पांढरं बसलेलं.

आधी त्याला बाहेर काढलं, मग मशीनची पिन ओढली. ठेकेदार शिडीवरूनच म्हणाला, "काई होत नाई जी. आमचा बाप बी हेच करत होता. तुम्ही आत बसा." आत बसा! धूळ पडत होती ती आतच. मशीन चालवणारा पोरगा विशीचाही नसेल. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, आणि काम थांबल्याबरोबर त्याच पांढऱ्या हातांनी त्याने खर्रा घोटायला घेतला. ठेकेदाराचा राग मला आजही येतो, पण त्याहून जास्त त्या पोराची काळजी वाटते. आमच्याकडे हे एका दिवसाचं होतं, त्याच्या नशिबी रोजचं आहे.

'काही होत नाही' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा. या पत्र्यात सिमेंटबरोबर ॲसबेस्टॉसचे तंतू असतात, प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. पत्रा शाबूत असतो तोवर ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. फोडला, कापला, घासला की सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात रुतले की बहुतेक कायमचे राहतात. त्यातून ॲसबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. आजार दिसायला 20 ते 40 वर्षं लागतात, म्हणूनच 'बापाला काही झालं नाही' या बोलण्याला अर्थ नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं जपून ठेवायला सांगितल्या, त्या काय उगाच? पन्नासहून अधिक देशांनी हा माल बंद केला आहे. आपल्याकडे तो बाहेरून आणून अजूनही पत्रे बनवतात आणि ते दुकानात राजरोस मिळतात.

घाबरून उद्याच छप्पर उतरवायला मात्र जाऊ नका. पत्रा चिरलेला, भुगा सुटलेला नसेल तर आहे तिथे राहू देणंच बरं. त्याला भोकं पाडू नका, शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नका, पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊ नका.

काढायचाच असेल तर घरातली माणसं, कपडे, धान्य, कापूस आधी हलवा. आपल्या घराघरांत फवारणीचा पंप आहे. त्यात पाणी आणि थोडा पातळ साबण टाकून शिडीवरूनच दोन्ही बाजूंनी पत्रे भिजवा, काम संपेपर्यंत भिजलेले ठेवा. औषध मारलेला पंप नको, नवीन किंवा मागून आणलेला स्वच्छ पंप घ्या. गंजलेले बोल्ट बोल्ट-कटरने किंवा हाताच्या करवतीने कापायचे, ग्राइंडर नाही म्हणजे नाही. पत्र्यावर पाय देऊ नये. जुना पत्रा न करकरता एकदम तुटतो आणि माणूस सरळ फरशीवर येतो, त्यात जीव जातात. आडव्या पाइपांवर फळ्या टाकाव्यात. तोंडाला दुपट्टा किंवा कापडी मास्क कामाचा नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा पी-100 किंवा एफएफपी-3 लागतो. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसेक जीव गेले, तेव्हा मास्क-चष्म्याची चर्चा गावोगाव झाली. पत्रे काढणाऱ्यांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. कामाचे कपडे झटकू नका, वेगळे भिजवा. आमच्या कापसाचा वरचा थर मी ओला करून पिशव्यांत बांधला. नुकसान आमचंच, ठेकेदाराने एक रुपया सोडला नाही. उलट 'काढलेला माल आमचा' म्हणून अख्खे पत्रे घेऊन गेला आणि तुकडे शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ओतून दिले. गावातल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी त्यांचे लगोरीचे थर रचले. ते सगळे मी आणि मुलाने भिजवून, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून गोळा केले. म्हणून लेखी घ्या: पत्रे कसे काढणार, कुठे नेणार, कोण गुंडाळणार. शेवटचा हप्ता हे सगळं पार पडेपर्यंत हातात ठेवा. आणि हे पत्रे बकऱ्यांच्या गोठ्याला, चुलीच्या आडोशाला कुणाला देऊ नका, चुरा करून पायव्यात भरू नका.

नातवाला यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एका दिवसाच्या धुळीचा धोका कमी असतो, एक्स-रेत आज काही दिसणारही नाही. फक्त तारीख लिहून ठेवा आणि हा मुलगा मोठा झाल्यावर बिडी-सिगारेट ओढणार नाही हे बघा, कारण दोन्ही एकत्र आले की कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो. मला हे पटलं, पण रात्री त्याच्या पापण्या आठवतात.

नवीन छपरासाठी दुकानदार पुन्हा सिमेंटचाच पत्रा दाखवत होता, 'टिनापेक्षा थंड राहतो' म्हणत. थंड राहतो हे खरं आहे. तरी आम्ही रंगीत लोखंडी पत्रा टाकला, खाली उष्णतारोधक थर दिला. मे महिन्यात तापतो, पण निभतं.

गुंडाळलेले तुकडे अजून आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात आहेत. नागपूरजवळ बुटीबोरीला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची सोय आहे, पण घरातली चार गाठोडी तिथे पोचवायला ना वाहन, ना परवानगीचा सोपा मार्ग. ज्या कार्यालयात विचारलं तिथल्या माणसाने सांगितलं, "नाल्यात टाका ना मॅडम." मी टाकले नाहीत. जिल्ह्यातल्या प्रत्येक नगरपरिषदेने वर्षातून एकदा असे पत्रे गोळा करून रीतसर बुटीबोरीला पाठवावेत, असा लेखी अर्ज मी दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. तुमच्या घरावर असे पत्रे असतील तर तुम्हीही अर्ज द्या. एकट्या बाईच्या अर्जाला कुणी उत्तर देत नाही.