गुंता खाली, कारण वर : गणवेशाची शिवण आणि घरचं शिलाई मशीन



जूनमध्ये मिळालेला गणवेश दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कुठेतरी उसवतोच. मुलांच्या चड्डीची मागची शिवण, नाहीतर शर्टाची काखेतली. मुलं दिवसभर खाली मांडी घालून बसतात, मधल्या सुट्टीत कबड्डी खेळतात. टेरिकॉटचं कापड टिकतं, दोरा तुटतो. वर्गात हे आपल्या लगेच लक्षात येतं, कारण एरवी फळ्याकडे धावत येणारं मूल जागेवरून हलत नाही. उत्तर येत असूनही हात वर करत नाही, कारण हात वर केला की काख दिसते. काही मुलं सरळ घरीच राहतात आणि आपण हजेरीत नुसती गैरहजेरी मांडतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील गेल्या वर्षी मला म्हणाले, "बाई, त्या मशीनच्या नादात रात्रीचे साडेअकरा वाजले. वरून टीप अगदी सरळ, आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं!" आईच्या वेळचं पायमशीन घरात होतं, टेलर लग्नसराईत एवढ्याशा कामाला हात लावेना, म्हणून ते स्वतः बसले. गुंता खाली दिसला म्हणून त्यांनी बॉबिन बदलली. मग बॉबिन केसचा बारीक स्क्रू आवळला, मग सैल केला, मग तो फरशीवर पडून हरवला. तेल घातलं, त्याचा डाग चड्डीवर पडला. शेवटी सगळा वैताग पोरावर निघाला : "तुला नीट बसताच येत नाही!" दुसऱ्या दिवशी तो सेफ्टी पिन लावून शाळेत आला, पण जागेवरून उठला नाही.

मी त्यांना एकच विचारलं, "दोरा ओवताना मशीनचा पाय वर होता की खाली?"

"कसला पाय?"

सगळी गंमत इथेच आहे. पालकांनो, हा भाग जरा सावकाश वाचा, कारण घरच्या मशीनवर वैतागलेल्या बहुतेकांची अडचण इथेच असते.

हाताच्या शिलाईला एक दोरा लागतो, मशीनला दोन. वरचा रिळाचा, खालचा बॉबिनचा. हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढच्या, टोकदार बाजूला. का बरं? मशीनची सुई कापडातून आरपार जातच नाही. ती दोरा घेऊन खाली डोकावते आणि परत वर येते. वर येताना दोऱ्याचा एक छोटा फासा खाली राहतो. शटलचं टोक तो फासा पकडतं आणि बॉबिनभोवती फिरवतं, म्हणजे खालचा दोरा फाशात अडकतो. मग वरखाली होणारी ती दांडी उरलेला दोरा वर ओढून घेते आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत बसते. अमेरिकेत एलियस हाऊ यांनी 1846 साली पेटंट घेतलं ते अशाच दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या यंत्राचं. गांधीजी यंत्रांच्या वेडाविषयी इतकं कडक लिहीत, पण शिवणयंत्राचा अपवाद त्यांनीही केला होता.

आता हा फासा वर ओढला गेलाच नाही तर? दोरा खालीच साठतो आणि जाळं होतं. म्हणजे गुंता खाली दिसतो, पण ढिलाई वरच्या दोऱ्यात असते. वरचा दोरा दोन गोल चकत्यांमध्ये दाबून धरलेला असतो, त्यालाच टेलर टेन्शन म्हणतात. कापड दाबणारा पाय वर उचलला की चकत्या उघडतात, खाली सोडला की मिटतात. पाय खाली असताना दोरा ओवला तर तो मिटलेल्या चकत्यांच्या वरच राहतो, आत शिरत नाही. तेव्हा पाय वर करून ओवा. मग पाय खाली सोडून दोरा हाताने ओढून पाहा : ओढताना तो अडायला हवा. पाय उचलला की सुळकन यायला हवा. एवढं तपासल्याशिवाय बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावू नका. शिवायला सुरुवात करताना पाय खाली घ्यायला विसरलात तरी हेच जाळं होतं, आणि दोरा त्या दांडीच्या भोकातून निसटला असला तरीही.

दोन बारीक गोष्टी आणखी. सुईची लांब खाच ज्या बाजूला, तिकडूनच दोरा ओवायचा. आणि पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे बोटांनी धरून ठेवायची, चाक आपल्याकडेच फिरवायचं.

शिक्षकांसाठी : हे मशीनशिवाय कार्यानुभवाच्या तासाला करून दाखवता येतं, तिसरी-चौथीची मुलं सहज करतात. जाड पुठ्ठ्याला एका ओळीत आठ-दहा भोकं पाडा. वरून लाल लोकरीचा फासा प्रत्येक भोकातून खाली ढकला, खालून त्या फाशांमधून निळी लोकर ओवत जा, आणि प्रत्येक वेळी लाल लोकर वरून ओढून घ्या. टीप तयार! आता मुद्दाम तीन भोकांवर लाल लोकर ओढू नका आणि पुठ्ठा उलटा करून विचारा, "चूक कुठे झाली?" सगळी पोरं आधी निळ्या लोकरीकडे बोट दाखवतात. हळूहळू एखादी मुलगी म्हणते, "बाई, लाल ओढलीच नाही." मला हा क्षण फार आवडतो. वजाबाकीत दशकाच्या घरात चुकलेलं उत्तर तपासताना मी त्यांना हाच पुठ्ठा आठवायला सांगते, कारण हातचा घेताना गडबड एककाच्या घरात झालेली असते. वर्ध्याला 1937 साली मांडलेल्या नई तालीमचं नाव आपण डीएडला परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. हाताच्या कामातून गणित कसं निघतं ते मला या पुठ्ठ्याने दाखवलं.

खरं सांगायचं तर चार बोटं उसवलेल्या शिवणीला मशीन काढायचीही गरज नसते. पण साधा धावदोरा घालू नका. धावदोरा गोधडीला शोभतो. चड्डीच्या मागच्या शिवणीवर ताण आला की तो चुण्या पाडतो आणि एक टाका तुटला की सगळा सुटत जातो. तिथे उलट टीप हवी : सुई एक टाका पुढे काढायची आणि मागच्या टाक्याच्या टोकाला परत घालायची. दोरा दुहेरी घ्या, कोपरापर्यंतच्या हाताएवढाच लांब. लांब घेतला की तिथेही गुंता. उसवलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना बोटभर जुन्या शिवणीवरून टीप घाला. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. मूल शेजारी बसलेलं असू द्या, सुई त्यालाच ओवायला सांगा. त्याची नजर आपल्यापेक्षा चांगली असते.

त्या वडिलांनी रविवारी पुन्हा मशीन उघडलं. स्क्रू कपाटाखाली सापडला. तेलाचा डाग काही पूर्ण गेला नाही, पण शर्ट बाहेर सोडला की झाकतो, असं मुलानेच मला सांगितलं. सांगायला तो स्वतः उठून टेबलापाशी आला होता.

वर्गात एका बिस्किटाच्या डब्यात सुई, पांढरा आणि गणवेशाच्या रंगाचा दोरा, कात्री आणि चार सेफ्टी पिना ठेवा. जुना गणवेश टाकून देण्याआधी त्याची बटणं कापून याच डब्यात ठेवायला पालकांनाही सांगा. दुकानात नेमकी त्याच मापाची मिळतीलच असं नाही.