टायरमध्ये खिळा रुतल्यास

प्रश्न : तारापूर औद्योगिक वसाहतीतून पालघरला येताना मोटारीच्या ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला, हवा फारशी उतरलेली नाही. खिळा काढून टाकावा काय?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : जेथे कारखान्यांकडे मालमोटारींची अहोरात्र ये-जा चालते, त्या बोईसर परिसरात हा प्रसाद मिळणे नवल नव्हे, तथापि खिळा तत्काळ उपटण्याचा मोह आपण आवरावा, कारण ज्याने छिद्र पाडले तोच तूर्त त्या छिद्राचे बूच होऊन हवा रोखून धरीत असतो. दाब तपासून, आवश्यक तेवढी हवा भरून, सावकाश जवळचे पंक्चरचे दुकान गाठावे. टायर पुरता बसला असेल, तर मात्र गाडी पुढे न दामटता, वर्दळीबाहेर सपाट जागी हँडब्रेक लावून स्टेपनी चढवावी. अन्यथा रिमखाली चिरडून टायरची बाजू आतून निकामी होते.

दुकानात बाहेरून खुपसली जाणारी रबरी दोरी ही तात्पुरती तजवीज समजावी. टायर रिमवरून उतरवून, अंतर्भाग निरखून, आतून मशरूम पॅच बसविणे हाच टिकाऊ इलाज होय. छिद्र बाजूच्या भिंतीत किंवा ६ मिलिमीटरहून रुंद असल्यास, अथवा नक्षीची खोली १.६ मिलिमीटर या कायदेशीर किमान मर्यादेस पोहोचली असल्यास, दुरुस्तीचा आग्रह सोडून टायरच बदलावा. चिल्हार फाट्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागण्यापूर्वी हे काम अवश्य उरकावे, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटण्याचा संभव असतो.