वांकड्या धन्याच्या हाताखालीं

वाचावयाचे शास्त्रभाग: १ पेत्र २:१८–२३, योहान १८:१९–२४, प्रेषितांचीं कृत्यें १६:१९–४०, नहेम्या ६.



आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ तरुण आतां साखर कारखान्यांत, दूधसंघांत, शाळांत व कचेऱ्यांत चाकरीस आहेत. रविवारीं ते उपासनेस येतात. परंतु घरीं परततांनाच सोमवारच्या विचारानें त्यांच्या पोटांत गोळा उठतो. वरिष्ठ चारचौघांदेखत त्यांचा पाणउतारा करितो, दुसऱ्याची चूक त्यांच्या माथीं मारितो, जातीवरून व धर्मावरून टोमणे देतो. आणि सोबतचे हंसतात. असा मनुष्य उपदेशकाकडे आला म्हणजे त्याला बहुधा एकच उत्तर मिळतें: सहन कर, दुसरा गाल पुढें कर. हें उत्तर खोटें नाहीं, पण तें अर्धें आहे; आणि अर्ध्या औषधानें रोगी कित्येकदां दगावतो.

प्रथम पेत्राचें पत्र घेऊं. प्रेषित येथें घरच्या दासांशीं बोलत आहे. त्यांना चाकरी सोडण्याची मोकळीक नव्हती. कांहीं धनी सौम्य होते. इतरांना पेत्र ‘स्कोलिओस’ हा ग्रीक शब्द लावितो. त्याचा अर्थ वांकडा; पाठीचा कणा वांकडा होण्याच्या रोगास डॉक्टर आजही ह्याच शब्दावरून आलेलें नांव देतात. पेत्र वांकड्यास वांकडाच म्हणतो. त्याच्या वांकडेपणास देवाची इच्छा असें गोंडस नांव देत नाहीं. मात्र २० व्या वचनांत तो एक भेद करितो: स्वतःच्या अपराधाबद्दल मार खाण्यांत कांहीं मोठेपणा नाहीं. रोज उशिरा जाणाऱ्यास साहेबानें टोकिलें तर तो छळ नव्हे. (हें लिहिणें भाग आहे, कारण कित्येक बंधू प्रत्येक ताकिदीस वधस्तंभ समजतात.)

आतां गालाविषयीं. मत्तय ५:३९ मध्यें प्रभू उजव्या गालाचें नांव घेतो. समोरच्यानें उजव्या हातानें उजव्या गालावर मारावयाचें तर तें हाताच्या पाठीनेंच मारावें लागतें; म्हणजे ही अपमानाची चापट होय. तिचा सूड घेण्यास प्रभू मनाई करितो. पण बोलण्यास मनाई आहे काय? हन्नाच्या पुढें शिपायानें खुद्द प्रभूच्या मुखावर मारिलें, तेव्हां त्यानें हात उगारिला नाहीं आणि तो मुकाही राहिला नाहीं. मीं वाईट बोललों असेन तर तें दाखीव, नाहीं तर मारितोस कां, अशा आशयाचा प्रश्न त्यानें विचारिला. त्यांत शिवी नाहीं, धमकी नाहीं; पुराव्याची मागणी मात्र आहे.

पौलाचेंही तसेंच. फिलिप्पै येथें चौकशीवांचून फटके खाऊन तो मध्यरात्रीं गीतें गात होता. आणि तोच सकाळीं गुपचूप निघून जाण्यास नाकबूल झाला. आम्ही रोमी नागरिक आहों, तेव्हां अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावें, असें त्यानें कळविलें. त्याच्या मागें लुदियेच्या घरची कोंवळी मंडळी राहणार होती. तिच्यावर डाग राहूं नये हाही त्याचा हेतु असावा. स्तुति आणि न्यायाची मागणी एकाच मुखांतून निघाली.

नहेम्याला सनबल्लटानें चार वेळां बोलाविलें, आणि पांचव्या वेळीं बंडाचा खोटा आरोप उघड्या पत्रांत लिहून पाठविला. पत्र उघडें कां? सर्वांनीं वाचावें म्हणून. मोबाईलवरील गटांत चालणारी थट्टा ह्याच जातीची आहे. नहेम्यानें आरोप थोडक्यांत नाकारिला, हातांस बळ मागितलें, आणि भिंत बावन्न दिवसांत पुरी केली.

म्हणून छळ सोसणाऱ्यानें एक वही ठेवावी: तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द, हजर असलेलीं माणसें. प्रार्थना करून, राग निवळल्यावर, प्रथम त्या माणसाशीं एकट्यानें बोलावें. उपयोग न झाल्यास वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी व तिची पोंच घ्यावी. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. जेथें दहा किंवा अधिक माणसें कामास आहेत तेथें अंतर्गत समिति असलीच पाहिजे. त्याहून कमी असल्यास, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असल्यास, जिल्ह्याची स्थानिक समिति ती घेते. साधारणपणें तीन महिन्यांच्या आंत लेखी तक्रार करावी लागते, म्हणून बहिणींना थांबावयास सांगूं नका. तक्रार केल्यानें क्षमा खोटी ठरत नाहीं.

आणि चाकरी सोडावीच लागली तर? शौलाचा भाला चुकवून दावीद पळाला. त्यास कोणी अविश्वासी म्हणत नाहीं. मात्र त्या महिन्यांत त्याच्या घरीं धान्य आहे कीं नाहीं, हें मंडळीनें पाहावें.

उपदेशकांनीं ऐकलेलें गांवभर करूं नये. गरज पडल्यास तक्रारदाराबरोबर कचेरीपर्यंत जावें. कोणी जीव देण्याची भाषा करूं लागला तर त्याला क्षणभरही एकटा न सोडतां दवाखान्यांत न्यावें.

आपल्या मंडळ्यांतही मुकादम आहेत, मुख्याध्यापक आहेत, शेतावर मजूर लावणारे आहेत. त्यांनीं पुढील पाठापूर्वीं कलस्सै ४:१ आणि याकोब ५:४ घरीं वाचून यावें, व आपल्या हाताखालील माणसांची मजुरी कोणत्या दिवशीं दिली हें आठवून ठेवावें.