पावसाळ्यात जड वाहन ओढणे : ‘ओढ’ आणि ‘धर’ यांचा हिशेब

पिंपरी-चिंचवडपासून चाकण व तळेगावपर्यंत कारखान्यांची वस्ती पसरल्यापासून हवेली, खेड व मावळ या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरास एक नवे काम चिकटले आहे. पाऊस लागला, की पुणे-नाशिक रस्त्यावर किंवा चाकण-तळेगाव मार्गावर एखादा मालट्रक साईडपट्टीवरून घसरून चिखलात रुततो, नाही तर ऐन चढावर बंद पडतो. मग चालक जवळच्या वस्तीवर येऊन ट्रॅक्टर मागतो. लोकभाषेत या कामास ‘टोचन’ म्हणतात. अडलेल्यास हात देणे हा आपला धर्म आहे, आणि चार पैसे मिळाले तर तेही कोणास नको असतात असे नाही. तथापि या कामात ट्रॅक्टर जातो, हातपाय जातात, आणि प्रसंगी घरातील कर्ता मुलगाही जातो. यास्तव त्यातील धोके कोणते व ते कशामुळे उत्पन्न होतात, याचा विचार या लेखात क्रमाने केला आहे.

१. ओढ निराळी, धर निराळी

बैलगाडी हाकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे, की भरली गाडी चढावर ओढून नेणे हे एक काम आणि उतारावर ती अंगावर येऊ न देणे हे दुसरे काम. चढावर जोर लावणारी जोडी उतारावर मान टाकते, असे पुष्कळदा घडते. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. आपण त्याची योग्यता अश्वशक्तीवर मोजतो. परंतु अश्वशक्ती ही ओढण्याची शक्ती होय, थांबविण्याची नव्हे. थांबविण्याची शक्ती ट्रॅक्टरचे वजन, त्याचे ब्रेक आणि चाकाखालची जमीन या तिहींवर अवलंबून असते. पैकी पाऊस इंजिनास धक्का लावीत नाही. तो जमिनीची पकड काढून घेतो. म्हणजे पावसात ओढण्याचा भ्रम कायम राहतो आणि धरण्याची शक्ती मात्र गुपचूप निघून जाते. सर्व अनर्थाचे मूळ येथे आहे.

२. आकड्यांनी पाहू

महसुली कामात आयुष्य गेलेल्या मनुष्यास आकड्यावाचून समाधान होत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो धरा व मागील भरलेल्या टेंपोचे ८,००० किलो. एकूण १०,००० किलो. टेंपो लोखंडी दांड्याने जोडला आहे व त्याचे ब्रेक चालत नाहीत, असे समजा.

सपाट डांबरी रस्त्यावर हा बोजा हलविण्यास सुमारे १२५ किलोचा जोर पुरतो. ट्रॅक्टर तो सहज देतो, आणि चालवणाऱ्यास वाटते की काम सोपे आहे. आता पुढे २० फुटांत १ फूट असा उतार आला. येथे १०,००० किलोंचा विसावा भाग, म्हणजे ५०० किलोचा जोर सर्व लवाजमा खाली लोटू लागतो.

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांस ब्रेक फक्त मागील चाकांना असतात. त्या चाकांवर वजनाचा दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे १,३३० किलो भार येतो. कोरड्या डांबरावर त्याच्या सुमारे सात-दशांश पकड मिळते, म्हणजे ९३० किलो. ओल्या डांबरावर चार-दशांश, म्हणजे ५३० किलो. आणि शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल रस्त्यावर पसरून त्यावर भुरभुर पाऊस पडला असेल, तर दोन-दशांश, म्हणजे अवघी २६५ किलो. जमिनीचा स्वाभाविक अडथळा १२५ किलो यात मिळवा.

निष्कर्ष असा. ताशी २० किलोमीटर वेगाने उतरत असता ब्रेक दाबल्यास कोरड्या रस्त्यावर हा लवाजमा सुमारे २८ मीटरांत थांबेल. ओल्या रस्त्यावर तोच थांबण्यास सुमारे १०० मीटर लागतील. आणि चिखलाच्या रस्त्यावर धरणारे ३९० किलो व लोटणारे ५००, तेव्हा तो थांबणारच नाही. उलट वेग वाढत जाईल. ट्रॅक्टर तोच, चालक तोच, उतारही तोच. फरक केवळ पावसाचा. हे आकडे ठोकळ आहेत, परंतु त्यांची दिशा चुकत नाही.

याखेरीज दांडा सरळ रेषेत नसेल, तर मागचा बोजा ट्रॅक्टरला तिरका लोटतो, आणि दोन्ही वाहने मध्येच कोनात मोडून रस्त्यावर आडवी होतात. ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेक नांगरटीसाठी सुटे असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पायपट्ट्या एकत्र अडकविल्या नाहीत, तर एकच चाक धरते व ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो.

३. बंद पडलेल्या वाहनाचे ब्रेक

दांड्याऐवजी दोर किंवा साखळी लावली, तर दुसरा प्रश्न उभा राहतो. दोर ओढू शकतो, पण अडवू शकत नाही. उतारावर मागचे वाहन स्वतःच्या ब्रेकांनी थांबले नाही, तर ते सरळ ट्रॅक्टरवर येऊन आदळते. आणि बंद वाहनास ब्रेक असतात, या समजुतीवर विसंबू नये. मोठ्या मालट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आणि ती हवा इंजिन भरते. इंजिन बंद असले म्हणजे टाकीतील हवा हळूहळू संपते. ती संपली, की स्प्रिंगचे ब्रेक आपोआप चाके आवळून धरतात व गाडी हलत नाही. मग कोणी जाणता मनुष्य खाली शिरून त्या स्प्रिंगा दाबून मोकळ्या करतो. गाडी हलते खरी, परंतु त्या क्षणापासून तिला ब्रेक म्हणून काही उरलेले नसते. अशी गाडी दोराने ओढणे म्हणजे आपल्या पाठीवर दरड ओढून घेणे होय. लहान टेंपोचे ब्रेकही इंजिन बंद असता दगडासारखे कठीण होतात, आणि सुकाणूही जड होते.

४. ट्रॅक्टर उलाळणे

गाडीच्या मागील भागात ओझे जास्त झाले म्हणजे ती उलाळते व जू वर उचलले जाते. चिखलात रुतलेला ट्रक ओढताना ट्रॅक्टरचेही असेच होते. मागील चाके गाळात रुतून फिरेनाशी झाली, की इंजिनाचा सर्व जोर ट्रॅक्टरचे तोंड उचलण्यात खर्च होतो. साखळी ड्रॉबारच्या ऐवजी टॉपलिंकला, सीटखालच्या भागास किंवा आसावर गुंडाळली असेल, तर ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर पडतो. यास जेमतेम दीड सेकंद लागतो. क्लच दाबण्याचे सुचेपर्यंत सर्व संपलेले असते. म्हणून साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच लावावी, क्लच हळू सोडावा, आणि चाक जागेवर फिरू लागताच ओढणे बंद करावे. फिरणारे चाक ट्रक बाहेर काढीत नाही. ते ट्रॅक्टरसाठी खड्डा खणते.

५. तुटलेला दोर

सैल दोर ठेवून ट्रॅक्टर पळवावयाचा व हिसका द्यावयाचा, ही रीत सर्रास दिसते. हिशेबात धरलेला जोर संथ ओढीचा असतो. हिसक्यात तो कित्येक पटींनी वाढतो. अशा वेळी दोर तुटला, हुक निखळला किंवा ट्रकचा बंपर उपटून आला, तर ते टोक बंदुकीच्या गोळीप्रमाणे येते. नायलॉनचा दोर ताणला जाऊन जोर साठवितो, म्हणून तो विशेष घातक. भिजलेला, पीळ सुटलेला किंवा गाठ मारलेला दोर वापरू नये. दोर ट्रकच्या चासीवर त्यासाठीच बसविलेल्या खिळीस लावावा, बंपरास नव्हे. मध्यभागी ओले गोणपाट टाकावे, म्हणजे तुटलेले टोक फार उसळत नाही. आणि बघ्यांस दोराच्या दीडपट लांबीपेक्षा जवळ उभे राहू देऊ नये. पोरासोरांची गर्दी अशा ठिकाणी हटकून जमते, हे लक्षात ठेवावे.

६. पाणी आणि पूल

इंद्रायणी, भामा किंवा भीमा यांच्या पुलावर वा फरशीवर पाणी असेल, तर ओढलेले वाहन त्यावर घालूच नये. एरवी एक वाहन चटकन पार होते. येथे दोन जड वाहने एकमेकांस बांधलेली, मंद गतीने, बराच वेळ त्याच पुलावर असतात, आणि एकास मागे फिरता येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल महापुरात कोसळला आणि एस. टी. च्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. अंधारात पुढचा पूल आहे की नाही हे चालकास दिसत नव्हते. पुराच्या रात्री डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणताही पूल ‘आहे’ असे धरू नये, हा त्यातील धडा होय.

७. रेल्वेचा दाखला

थांबविण्याचा विचार आधी करावा, हे तत्त्व आपल्या शेजारीच दीडशे वर्षांहून अधिक काळ पाळले जात आहे. भोर घाटातील रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिचा तीव्रतम चढ ३७ फुटांत १ फूट आहे. कर्जतहून चढणाऱ्या अनेक गाड्यांस मागून जादा इंजिने लावतात, हे सर्वांस दिसते. परंतु घाट उतरणाऱ्या गाडीस वाटेत थांबवून तिचे ब्रेक धरतात की नाही हे पाहतात, आणि अनावर झालेली गाडी वळवून घेण्यासाठी चढाचे आडवे रूळ घातलेले आहेत, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. गाडी चढेल की नाही याची जितकी चिंता, तितकीच ती थांबेल की नाही याची. आपल्या ट्रॅक्टरास आडवे रूळ नाहीत. म्हणून आपण निघण्यापूर्वीच थांबण्याची चाचणी घ्यावी.

८. पाळावयाचे नियम

मोटार वाहन कायद्याखाली १९८९ मध्ये झालेल्या रस्त्याच्या नियमांत, ओढताना ताशी २४ किलोमीटरपेक्षा अधिक वेग नसावा, दोन वाहनांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नसावे, दोर इतरांस सहज दिसेल असा असावा, आणि मागील वाहनाची पुढची चाके उचललेली नसल्यास त्यात परवानाधारक चालक बसलेला असावा, असे ठरविले होते. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. त्या मर्यादा कोरड्या दिवसासाठीही कमाल होत्या. पावसात वेग बैलगाडीचाच ठेवावा. त्याशिवाय पुढील गोष्टी पाळाव्यात :

(१) रस्ता आधी पायी चालून पाहावा. उतार असेल तर ओढण्याचे काम घेऊ नये.
(२) मागचे वाहन आपल्यापेक्षा जड असून त्याचे ब्रेक चालत नसतील, तर स्पष्ट नकार द्यावा. हे क्रेनचे काम आहे.
(३) प्रथम चाकांस उटी लावावी, मग खाली वाकावे. उटीवाचून कोणीही दोन वाहनांच्या मध्ये जाऊ नये.
(४) रात्री, धुक्यात किंवा मुसळधार पावसात थांबावे. गाडीमागे बऱ्याच अंतरावर लाल दिवा किंवा चमकती पाटी ठेवावी व माणसांनी रस्त्याबाहेर उभे राहावे.
(५) वर विजेची तार लोंबत असेल, तर जवळ जाऊ नये.
(६) रसायनाचा वा वायूचा टँकर असेल, तर त्यास साखळी लावू नये. वाऱ्याच्या दिशेस पाठ न करता, वारा येतो त्या बाजूस दूर जावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही आहे.
(७) ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी असेल, तर भाड्याने वाहन ओढताना झालेली हानी त्यात बसते की नाही, हे पॉलिसी वाचून आधीच जाणावे.

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य वाटते. अपघाताच्या पंचनाम्यात ‘चालकाचा ताबा सुटला’ असे एक वाक्य लिहून कागद बंद होतो. वास्तविक ताबा उतारावर सुटत नाही. ज्या वेळी आपण ब्रेकांची चौकशी न करता साखळी अडकवितो, त्याच वेळी तो सुटलेला असतो. उतारावर ते फक्त दिसून येते. म्हणून अडलेल्या चालकास चहा द्यावा, निवारा द्यावा, त्याच्या गाडीमागे दिवा लावून द्यावा, क्रेनवाल्यास निरोप पाठवावा. ही मदत कमी प्रतीची नव्हे. रुतलेला ट्रक सकाळपर्यंत जागेवरच राहतो. आपला मुलगाही सकाळी घरात असावा, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.