पॉवरच्या बटणावरचा हात आधी काढ

बाळा, लिनक्सवर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जाताना मशीन कधी हँग होते, कधी होत नाही. अशा वेळी हात आधी पॉवरच्या बटणाकडे जातो, तो आवर. बटण दाबलंस की पुरावा गेला, आणि असला बिघाड पुन्हा कधी दर्शन देईल याचा भरवसा नसतो.

मशीनच गेलीय की नुसती स्क्रीन, ते आधी बघ. कॅप्स लॉक दाब. दिवा लागला, विझला तर आत जीव आहे. नाही लागला तरी हात टेकू नकोस, कारण कीबोर्ड ग्राफिकल सर्व्हरपाशी अडकलेला असू शकतो. शेजारच्या संगणकावरून, नाहीतर मोबाइलवरून एसएसएच कर. आत शिरलास तर अर्धं काम झालं. डीमेसेग चालव, कर्नलची तक्रार तिथे ओळीने दिसेल. कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत असेल तर मात्र कर्नल पॅनिक समज.

ही तयारी बिघाडाच्या आधीच हवी. एसएसएच सर्व्हर बसवून ठेव. व्हारच्या आत लॉग, त्यात जर्नल नावाचं फोल्डर आहे का तेही पाहा. ते नसेल तर सिस्टीमडीच्या नोंदी मेमरीत राहतात अन् रीबूटला पुसल्या जातात. असेल तर जर्नलसीटीएलकडून मागच्या बूटच्या नोंदी मिळतात.

सगळंच थिजलं तर ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून एस, यू, बी, मध्ये जरा थांबत थांबत. एसने लिहायचं राहिलेलं डिस्कवर जातं, यूने फाइलसिस्टीम फक्त वाचण्यापुरती होते, बीने रीबूट.

आता मूळ कारण. कन्सोल बदलतो तेव्हा ग्राफिकल सर्व्हर कार्डाचा ताबा सोडतो आणि कर्नलचा कन्सोल तो घेतो. पूर्वी कार्डाचा मोड एक्स सर्व्हर परस्पर बदलायचा, कर्नलला पत्ताही नसायचा. २००९ मध्ये २.६.२९ कर्नलपासून इंटेलच्या कार्डांसाठी हे काम कर्नलकडे आलं, मग इतर कार्डांसाठीही. तरी ड्रायव्हर कच्चा असला की घोटाळा याच देवाणघेवाणीत होतो. म्हणून एसएसएचमधून सीएचव्हीटीने कन्सोल पुन्हा पुन्हा बदलून बघ आणि दुसऱ्या खिडकीत डीमेसेग चालू ठेव. मग जुना कर्नल, दुसरा ड्रायव्हर, असं एका वेळी एकच बदल. नोमोडसेट हा बूटचा पर्याय निदानापुरता वापर, तो इलाज नव्हे.

मशीन कन्सोल न बदलताही हँग होत असेल तर नुसत्या ड्रायव्हरच्या मागे लागू नकोस. रात्रभर मेमटेस्ट लाव, पॉवर सप्लाय बदलून बघ, कॅबिनेट उघड. हळदीच्या हंगामात आपल्या वसमतला मोंढ्याजवळच्या मशीनच्या पंख्यावर पिवळा थर बसतो, तो ब्रशने काढ.

आणि हे सगळं कशाला शिकायचं, तर आपल्या औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होतेय, २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोची नियंत्रण यंत्रणा लिनक्सवरच चालते. तुझ्यासारख्या हिंगोलीच्या पोरांनी तिथे कामाला जावं असं मला फार वाटतं, आणि अशा ठिकाणी बंद करून चालू करणं हे उत्तर खपत नाही.

तेव्हा एक वही ठेव. दर वेळी हँग झाली की वेळ, कर्नलची आवृत्ती, कुठल्या कन्सोलवरून कुठे जात होतास, त्या वेळी व्हिडिओ चालू होता का, दुसरा मॉनिटर लावलेला होता का, हे सगळं रीबूट करण्याआधी लिही.