सध्या आणखी काय चालू आहे?

तोंड आलंय म्हणून कोणी आलं, की जेल आणि बी-कॉम्प्लेक्स काढून द्यायचं, गल्ल्यात पैसे टाकायचे आणि पुढच्याला विचारायचं. विट्यात इतकी वर्षं मेडिकल चालवल्यावर हात आपोआपच चालतात. त्या मावशींनीही जेलच मागितली. पण त्यांना धड बोलता येत नव्हतं, ओठांच्या कडाही सोलवटल्या होत्या. म्हणून विचारलं, "मावशी, सध्या आणखी कुठली गोळी चालू आहे?"

"सांधेवाताची हाय की. रोज एक."

नातवाला पाठवून घरातली औषधांची पिशवी मागवली. मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप संपत आली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं स्वच्छ लिहिलेलं. जिथून घेतली तिथल्या पोऱ्याने मात्र बाकीच्या गोळ्यांबरोबर हीसुद्धा 'रोज जेवल्यावर' सांगून टाकली होती.

ही गोळी कर्करोगातही वापरतात. सांधेवाताला तीच अगदी थोडी, आठवड्यातून एकदाच देतात. रोज पोटात गेली तर हाडांच्या मगजात रक्त तयार होणं मंदावतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, माणूस दगावूही शकतो. तोंडातले फोड हा बहुतेकदा पहिला इशारा असतो. जेल लावून आम्ही तोच झाकला असता. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच मिरजेला पाठवायला सांगितलं. तिथे फोलिनिक ॲसिड सुरू झालं, आणि बऱ्याच दिवसांनी मावशी घरी आल्या.

डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती, गोळीही बरोबर दिली गेली. चूक झाली ती सांगण्यात, आणि सांगणं हे फार्मासिस्टचं काम. १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. २०१५च्या नियमांत रुग्णाला औषध समजावणंही आलं. पण कित्येक ठिकाणी भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर उभा दुसराच. गिऱ्हाईकही आधी विचारतं, "किती टक्के सोडणार?" समजावण्याचे पैसे आपल्याकडे कोणी देत नाही. इंग्लंडात २०२४पासून सात किरकोळ आजारांवर फार्मासिस्टच सल्ला आणि औषध देतो, त्याचा मोबदला सरकारी आरोग्यसेवा देते. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल, एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट पुरतो.

धंद्यातल्या मित्रांनो, पेनकिलर मागणाऱ्याला बीपीची किंवा लघवीची गोळी चालू आहे का ते विचाराच. तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर ताण येतो. दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्याच्या पिशवीत एकच औषध दोन नावांनी सापडतं, तेही बघा. मात्र डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करू नका, आधी त्यांना फोन लावा.

आणि घरच्यांनो, नवी चिठ्ठी घेऊन जाताना जुन्या स्ट्रिपाही न्या, काउंटरवर फार्मासिस्ट कोण ते विचारा. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या आणि पाकिटावर 'फक्त गुरुवार' असं ठळक लिहून घ्या. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही बऱ्याचदा तशीच पिवळी आणि बारीक असते, ती वेगळ्या डबीत ठेवा.