ओळखा पाहू : अनोळखी मुलांचा मेळ घालणारे खेळ

वसतिगृहात नवी मुले दाखल होतात त्या दिवशी, किंवा सुट्टीतील शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी, एक गोष्ट हटकून दिसते. एकेका गावची मुले आपापला घोळका करून बसतात आणि पलीकडच्या घोळक्याशी कोणी बोलत नाही. आमच्या बेळगाव-निपाणी भागात या अबोल्याला आणखी एक पदर असतो. येथे मराठी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले एकाच अंगणात जमतात. मुंबई राज्यातील हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली बेळगावचे बेळगावी झाले. नावे बदलली, तरी मुलांपुढील अडचण तीच राहिली. शेजारच्या मुलाशी पहिले वाक्य कोणत्या भाषेत बोलावे?

"चला, आपापली ओळख करून द्या," असे म्हटल्याने ही अडचण दूर होत नाही. मूल उभे राहते, साऱ्यांचे डोळे त्याच्याकडे वळतात आणि त्याचा आवाज घशातच अडतो. तेच मूल दुसऱ्याच्या मुठीत काय दडले आहे ते सांगायला मात्र पुढे सरसावते. कारण आता सर्वांचे लक्ष मुठीवर असते. शिवाय उत्तर चुकले तरी खेळ पुढे चालूच राहतो. 'ओळखा पाहू' जातीच्या खेळांचे मर्म येथे आहे. हे खेळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ते योग्य क्रमाने घेतले म्हणजे झाले. आधी हाताचे, मग कानाचे आणि शेवटी जिभेचे खेळ, असा क्रम मला सोयीचा वाटतो.

१. एकी-बेकी : मूठभर चिंचोके पुरे. एकाने काही चिंचोके मुठीत घ्यावे, दुसऱ्याने एकी की बेकी ते सांगावे, बरोबर आले तर चिंचोके त्याचे. जोड्या लावताना एका गावची दोन मुले एकत्र येऊ देऊ नयेत. या खेळास दोनच शब्द लागतात आणि ते शब्दही गंमत करतात. कानडीत सम संख्येला 'सरी' आणि विषम संख्येला 'बेस' म्हणतात. म्हणजे मराठी मुलाची बेकी ही सम, तर कानडी मुलाची बेस ही विषम! यावरून पहिल्या दोन डावांत तंटा होतो. शिक्षकाने तो लगेच मिटवू नये. चिंचोके दोन-दोन मांडून मुले आपणच उलगडा करतात, आणि तो करताना एकमेकांशी बोलू लागतात.

२. टिचकी : मुलांचे दोन गट समोरासमोर बसवावेत. प्रत्येक मुलाला फुलाचे नाव द्यावे. नायकाने समोरच्या गटातील एका मुलाचे डोळे झाकावेत आणि आपल्या गटातील एका फुलाला हाक मारावी. त्याने हलक्या पावलांनी येऊन कपाळावर टिचकी मारावी व जागेवर जाऊन बसावे. डोळे उघडल्यावर टिचकी कोणाची ते ओळखायचे. येथे मूल प्रथमच समोरच्यांचे चेहरे नीट न्याहाळते. कोण हसू दाबतो आहे, कोणाची बैठक बदलली आहे, ते पाहते. फुलांची नावे तिन्ही भाषांतून घ्यावीत. आपला झेंडू कानडीत चेंडुहूवु होतो आणि उर्दूत गेंदा होतो. या दोन्ही नावांत चेंडूच आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे.

३. कोडी : आता बोलण्याची वेळ आली. मराठीत कोडे किंवा उखाणा, कोकणात हुमाण, कानडीत ओगटु, उर्दूत पहेली. अमीर खुस्रोच्या (१२५३-१३२५) नावावर सांगितल्या जाणाऱ्या पहेल्या आजही घरोघर चालतात. लग्नात नाव घेण्याच्या ओळींना आपण उखाणा म्हणतो, पण त्या शब्दाचा जुना अर्थ कोडे असाच आहे. प्रत्येक मुलाने घरून आजीला विचारून एक कोडे आणावे. ते आपल्या भाषेत घालावे, आणि शेजाऱ्याने त्याचा अर्थ दुसऱ्या भाषेत सर्वांना सांगावा. कोडी भोवतालच्या वस्तूंवर रचून घेतली तर अधिक चांगले. "एका पानाच्या पोटात दुसऱ्या पानाचा चुरा, कमरेला दोरा बांधलेला, मी कोण?" असे विचारताच निपाणीकडची मुले बाकीच्यांच्या आधी "बिडी!" म्हणून ओरडतात. टेंभुर्णीचे पान, तंबाखू आणि दोरा त्यांनी घरी किंवा शेजारी पाहिलेला असतो. उत्तर शाबास म्हणून घ्यावे आणि ती ओढू नये हेही त्याच वेळी सांगून टाकावे.

४. होय-नाही : 'वीस प्रश्न' हा खेळ अमेरिकेत १९४६ पासून आणि इंग्लंडात १९४७ पासून रेडिओवर गाजला. प्रत्येक उत्तराने शक्यता निम्म्या झाल्या, तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ वस्तूंतून एक निवडता येते. आपल्याला इतके नको. वर्गात ३२ मुले असतील तर ५ प्रश्न पुरतात : ३२ चे १६, १६ चे ८, मग ४, मग २, मग १. खेळाआधी हात वर करवून माहिती घ्यावी. कोणाला पोहता येते? कोणाला थोरली बहीण आहे? कोणाला आंबट आवडते? मग नायकाने मनात एक मूल धरावे व इतरांनी विचारत विचारत ते शोधावे. ज्या प्रश्नाला सुमारे निम्मे हात वर आले होते, तो प्रश्न सर्वांत उपयोगाचा, हे मुलांना दोन डावांत कळते. गणित झाले आणि ओळखही झाली.

या शेवटच्या खेळात एक पथ्य कसोशीने पाळावे. जात, धर्म, वडिलांचा धंदा, अंगावरचे कपडे, रंग किंवा व्यंग यांवर प्रश्न विचारू देऊ नये. ३२ मुलांत एखाद्या समाजाची दोनच मुले असतील, तर त्या एका प्रश्नाने डाव लवकर संपेल, आणि ती दोन मुले साऱ्या वर्गात एकटी पडतील. मेळ घालण्यासाठी मांडलेला खेळ मग फूट पाडून जाईल.

मोठ्यांच्या व्यवहारातही आपण सतत अंदाज बांधत असतो. माझे नाव ऐकताच माझ्याशी हिंदीत बोलू लागणारे गृहस्थ मला वरचेवर भेटतात. मी मराठीत उत्तर दिले की, "तुम्हाला मराठी इतके चांगले कसे येते?" असे कौतुकाने विचारतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. त्यांनी अंदाज केला आणि विचारायचे राहून गेले, एवढेच. मराठी वर्गात गप्प बसणाऱ्या कानडी घरच्या मुलाला मंद ठरवणे हाही असाच न विचारता केलेला अंदाज होय. त्याची किंमत मात्र त्या मुलाला पुष्कळ वर्षे मोजावी लागते. खेळात चुकीचा अंदाज लगेच उघडा पडतो. मूठ उघडते, चिंचोके मोजले जातात, सारे हसतात आणि पुढचा डाव सुरू होतो. बाहेर ती मूठ कोणी उघडून दाखवत नाही. आपणच विचारावे लागते.

म्हणून खेळ संपल्यावर दहा मिनिटे राखून ठेवावीत. प्रत्येक मुलाने एकच गोष्ट सांगायची : आज कोणाविषयी माझा कोणता अंदाज चुकला. "मला वाटले याला मराठी कळत नाही," "मला वाटले ही कधी हसत नाही," अशी वाक्ये येतात. ज्याच्याविषयी बोलले गेले त्याने वाटल्यास उत्तर द्यावे, न वाटल्यास नुसते हसावे. गुण देऊ नयेत, बक्षीस ठेवू नये. चिंचोके मोजून डब्यात भरावेत. दुसऱ्या दिवशी मुले ते स्वतःच मागायला येतात.